समुद्रापासून एकशे ऐंशी पावलं

मागच्या फाटकापासून ओल्या वाळूपर्यंत एकशे ऐंशी पावलं. मी स्वतः मोजली, आणि माझी पावलं लहान नाहीत. अप्पा म्हणाले होते, "जाहिरातीत 'समुद्राजवळ' एवढं लिही, पुरे." मी म्हटलं, "अप्पा, समुद्राजवळ तर अख्खं मंगळूर आहे. लोकांना आकडा लागतो." ते हसले आणि आत्याचा कुंदापूरजवळच्या कोडीचा बंगला विकायचं सगळं काम माझ्याकडे देऊन मोकळे झाले. फोटो, व्हिडिओ, मजकूर, येणारे फोन, सगळं. मी पंधरा वर्षांची, मैसूरच्या कुवेंपुनगरात राहणारी, दहावीतली. पण त्या दिवसांत मला कोणी चामुंडी टेकडी विकायला दिली असती तरी मी पायऱ्यांसकट विकली असती.

कारण ऑगस्टमध्ये मी आंतरशालेय वादविवादात पहिली आले होते. आता हे ऐकून कोणाला काही वाटणार नाही, पण माझ्या वर्गाला विचारा. आठवीपर्यंत हजेरीला माझं "प्रेझेंट मिस" शेजारची सिंचना म्हणायची. माझा आवाज घशातून निघायचा आणि दातांपाशी येऊन परत फिरायचा. तो बाहेर काढला अंबुजाआत्याने. ती मला फ्रिजपाशी उभी करायची आणि स्वतः थेट पुढच्या व्हरांड्यात मेथी निवडत बसायची. मध्ये दोन खोल्या. "मला इथे ऐकू आलं पाहिजे," ती म्हणायची. "ओरडू नकोस. पोचव." एकोणतीस वर्षं तिने कुंदापूरच्या हायस्कुलात हिंदी शिकवलं होतं, तिला फरक कळायचा. मी पोचवत गेले. ऑगस्टमध्ये परीक्षकांपर्यंत पोचलं.

आमच्या घरात आम्ही तिघं. अप्पा बेळगोळच्या कारखान्यात, शिफ्टवर, त्यामुळे आठवड्यातून काही दिवस ते मला फक्त उलट्या टांगलेल्या युनिफॉर्मच्या रूपात दिसतात. आई बँकेत. तिला दोन वर्षांपूर्वी प्रमोशन मिळालं आणि त्याबरोबर गुवाहाटी मिळालं. तीन वर्षं. रोज आठ वाजता ती फोनवर येते आणि आम्ही एकमेकींना काय जेवलो ते सांगतो. ती गेली त्याच महिन्यात तिकडे कोडीला आत्या न्हाणीघरात घसरून पडली. घोटा मोडला. सकाळी सहाला पडली आणि शेजारची तारा मासे घालायला, म्हणजे आत्याच्या मांजराला घालायला, दुपारी एकला आली तेव्हा कुठे कळलं. सात तास ती ओल्या फरशीवर होती. अप्पा रात्रीतून गाडी घेऊन गेले आणि तिला इकडे घेऊन आले. तीन महिन्यांसाठी.

त्या तीन महिन्यांची दोन वर्षं झाली. आणि मी खरं सांगते, ती माझी सगळ्यात चांगली दोन वर्षं होती. शाळेतून पावणेचारला आले की फाटकातूनच मोहरीची फोडणी ऐकू यायची. "आलीस? हात धू. आज कोण बोललं वर्गात?" मी एवढं बोलायचे, एवढं बोलायचे, की ती म्हणायची, "अय्यो, श्वास घे ग, मी कुठे पळून चाललेय?"

पळून जायला तिच्याकडे घर होतं, हीच तर भीती होती. म्हणून अप्पांनी जेव्हा ठरवलं की बंगला नवा करून विकून टाकायचा, तेव्हा मी हिशेब केला, एका सेकंदात. बंगला विकला गेला की आत्या कायमची आमची. हे मी कोणालाच सांगितलं नाही. नुसती कामाला लागले.

आत्याला विचारलं नव्हतं असं नाही. अप्पांनी विचारलं होतं. ती म्हणाली, "विजया, तू म्हणशील तसं." माझ्या अप्पांचं नाव विजयेंद्र, पण तिच्यासाठी ते विजयाच. "एकटीने आता काय करणार तिथे." हे तिने विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. मधलंच काहीतरी होतं.

दसऱ्याच्या सुट्टीत सगळं जग मैसूरला येतं, आणि आम्ही मैसूरवाले जमेल तिकडे पळतो. आम्ही कोडीला पळालो, व्हिडिओ काढायला. आत्या दोन वर्षांनी आपलं घर बघणार होती. अप्पांनी तिला मध्ये मध्ये फोनवर फोटो दाखवले होते, पण फोटोत टाइल्स सगळ्या सारख्याच दिसतात.

बंगला ओळखू येत नव्हता. देवाशपथ! लाल फरशीच्या जागी दुधासारख्या पांढऱ्या टाइल्स. समुद्राकडच्या भिंतीत जिथे आत्याची छोटी खिडकी होती तिथे आता या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकणारी काच. दोन बाथरूम, त्यात घसरू नये म्हणून खरखरीत फरशी आणि भिंतीला पकडायला स्टीलचा दांडा. उंबऱ्याजवळची पायरी काढून टाकलेली. दिवे टाळी वाजवल्यावर लागणारे. (मी एवढ्या टाळ्या वाजवल्या की अप्पा म्हणाले, बास, भजन आहे का?) आणि स्वयंपाकघर म्हणजे तर जाहिरातच. करड्या रंगाची कपाटं, ढकललं की आपोआप हळूच मिटणारे ड्रॉवर, आणि गॅसच्या जागी काळ्या काचेची सपाट इंडक्शन शेगडी.

आत्या प्रत्येक खोलीच्या दारात उभी राहिली. आत गेली नाही, दारातूनच बघत होती, जशी दुसऱ्याच्या घरात बघतात. मग म्हणाली, "छान झालंय रे. कोणाचं आहे?"

अप्पा मोठ्याने हसले. मी पण हसले. आत्या पण हसली, शेवटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी शूटिंग. मी दिग्दर्शक. अप्पा मागच्या अंगणात प्लंबरशी भांडत होते. मी व्हरांडा घेतला, काचेतून समुद्र घेतला, माझी एकशे ऐंशी पावलं घेतली, आणि मग मला वाटलं की घरात माणूस दिसला पाहिजे. रिकामं घर बघून कोण घर घेतं?

"आत्या, किचनमध्ये काहीतरी करत राहा ना. डोसा घाल."

"दूध तापवते," ती म्हणाली.

तिने आपल्या कापडी पिशवीतून एक पितळी पातेलं काढलं. कल्हईचं, लहान, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं. तिने त्याला हळद-कुंकू लावलं, दूध ओतलं आणि शेगडीवर ठेवलं. काचेच्या शेगडीने त्या पातेल्याला ओळखच दाखवली नाही. लाल अक्षरं चमकली आणि विझली. "अय्यो, हिला पितळ चालत नाही!" मी म्हटलं. आत्याने शेगडीकडे असं बघितलं, जसं वर्गातल्या उद्धट मुलीकडे बघतात. मग मुकाट्याने दूध नव्या स्टीलच्या पातेल्यात ओतलं, त्यालाही हळद-कुंकू लावलं, आणि बटण दाबलं.

दूध वर आलं. मी म्हटलं, "आत्या, कमी कर!" तिने केलं नाही. दूध फुगलं, काठावर एक क्षण थांबलं आणि मग सगळ्या बाजूंनी, पण जास्त करून माझ्या कॅमेऱ्याच्या बाजूला, त्या महागड्या काळ्या काचेवर उतू गेलं. शेगडी घाबरून पी-पी-पी करत बंद पडली. आणि आत्या हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसली. मी म्हटलं, वा, हाच शॉट!

आता इथे थांबून सांगते, मी काही अगदी ढ नाही. नव्या घरात शिरताना पहिल्यांदा दूध उतू जाऊ देतात, हे मैसूरातलं शेंबडं पोरही सांगेल. भाड्याच्या एका खोलीत जातानाही लोक आधी दूध उतू घालतात आणि मग गाद्या आत आणतात. मला माहीत होतं. मला इतकंच वाटलं की किती शुभ दिसेल! घेणाऱ्याला कसं घरच्यासारखं वाटेल! मी हळद-कुंकवाचा आणि पितळी पातेल्याचा भाग कापला, कारण लांबत होता. दूध वर येतं, उतू जातं, आत्या हसते आणि मागे समुद्र, एवढं ठेवलं. खाली लिहिलं, "नवा केलेला बंगला, कोडी, कुंदापूरजवळ. समुद्रापासून एकशे ऐंशी पावलं. विकणे आहे."

उरलेल्या दुधात साखर घालून आत्याने ते आम्हाला दिलं, प्लंबरला दिलं, ताराला हाक मारून दिलं. आम्ही कुंदापूरच्या लॉजवर उतरलो होतो. त्या दिवशी ती म्हणाली, "लॉजवर कशाला? आज इथेच झोपू." खाटा नव्हत्या. आम्ही तिघं चटईवर झोपलो.

व्हिडिओ एवढा चालला! फोनवर फोन. एकाने विचारलं, भरती आली की पाणी घरात येतं का. इथल्याच, मैसूरच्या बोगादीतल्या एका बाईंनी विचारलं, काच बंद केली की समुद्राचा आवाज पूर्ण बंद होतो ना, त्यांच्या मिस्टरांना आवाज चालत नाही. मी म्हटलं, मॅडम, मग मिस्टरांना बोगादीतच ठेवा. (हे मी फोन ठेवल्यावर म्हटलं.) मी कन्नडात बोलत होते, इंग्रजीत बोलत होते, एका पुण्याच्या गृहस्थांशी असं शुद्ध मराठी बोलले की त्यांनी विचारलं, तुम्ही पुण्याच्या का. तुम्ही! मला! मी व्हरांड्यात फेऱ्या मारत बोलायचे. आत्या मेथी निवडत ऐकायची. एकदा म्हणाली, "आता दोन खोल्या नाही, दोन जिल्ह्यांपर्यंत पोचतोय आवाज."

मी म्हटलं, "तूच शिकवलंस!"

"हो ना," ती म्हणाली.

शेवटी ठरायला आलं ते योगायोगाने बोगादीच्याच लोकांशी. नागराज म्हणून निवृत्त इंजिनियर आणि त्यांची बायको लक्ष्मीदेवी. कोडीला जाऊन घर बघून आले, आवडलं. एका रविवारी ते आमच्या घरी आले, शेवटचं बोलणं करायला. सोबत फळं, फुलं. लक्ष्मीदेवींनी आल्या आल्या माझा गाल ओढला. "हीच का ती फोनवाली पुट्टी? मला वाटलं कोणी वकीलबाई आहे!" पुट्टी म्हणजे छोटी.

नागराज अप्पांना विचारत होते, "बाथरूममध्ये तो दांडा कोणी बसवायला सांगितला हो? विकायच्या घरात असला खर्च कोणी करत नाही."

"असू दे म्हटलं," अप्पा म्हणाले आणि विषय बदलला.

सगळं सुरळीत चाललं होतं. आगाऊ करार कोणत्या दिवशी करायचा तेही निघालं. आत्याने चिवड्याची बशी पुढे ठेवली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली. लक्ष्मीदेवी तिच्याकडे वळल्या आणि कन्नडात, अगदी बायका बायकांशी बोलतात तशा हळू आवाजात म्हणाल्या, "अम्मा, एक विचारू? व्हिडिओत तुम्ही दूध उतू घातलंत ना. कुठल्या बाजूला गेलं?"

"पूर्वेला," आत्या पटकन म्हणाली. मग चिवड्याची बशी आणखी पुढे सरकवली.

लक्ष्मीदेवींनी नवऱ्याकडे बघितलं. "ऐकलंत? मी म्हणत होते ना. घर नवं केलं आणि यांनी त्यात प्रवेश केला. ज्यांनी दूध उतू घातलं ते लोक राहायला हवेत. ते न राहताच विकतायत, म्हणजे काय?"

"अगं, सुम्ने उगाच काहीतरी काढू नकोस," नागराज म्हणाले.

"काहीतरी कसं? भरल्या घरातून कोणाला उठवून आपण शिरायचं का?"

अप्पा हसले. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. ते मागच्या अंगणात होते. "अहो मॅडम, ते व्हिडिओपुरतं! अक्का कॉफी करत होती. दूध उतू गेलं, झालं. नव्या शेगडीची सवय नाही. हो ना ग अक्का?"

आत्याने बशीतला एक शेंगदाणा सरळ केला. "हो. कॉफीच करत होते."

त्या घरात कॉफी पावडर नव्हती. आम्ही सकाळची कॉफी कोपऱ्यावरच्या हॉटेलातून थर्मासात आणली होती. हे मला माहीत होतं, आत्याला माहीत होतं, आणि आता मला हेही कळलं की पितळी पातेलं कोणी मैसूरहून कुंदापूरपर्यंत साडीत गुंडाळून कॉफीसाठी नेत नाही. हे मला तिथे, त्या सोफ्यावर बसल्या बसल्या कळलं. दोन आठवडे व्हिडिओ मी शंभरदा बघितला होता आणि मला दिसलं नव्हतं.

"पुट्टी," लक्ष्मीदेवी म्हणाल्या, "शूटिंग तू केलंस ना? तू सांग. लहान मुलं खोटं बोलत नाहीत. कॉफीच होती?"

सगळे माझ्याकडे बघत होते. नागराज, अप्पा, लक्ष्मीदेवी. फक्त आत्या बशीकडे बघत होती.

मी ताठ बसले. आवाज छातीतून घेतला, जसा शिकवला तसा. "आंटी, आमच्या आत्याला दिवसातून चार वेळा कॉफी लागते. त्या दिवशी मीच तिला बोलण्यात गुंतवलं, म्हणून दूध उतू गेलं. चूक माझी. दंड म्हणून ओटा मी पुसलाय." आणि हसले.

सगळे हसले. लक्ष्मीदेवीसुद्धा. करार येत्या शुक्रवारी करायचा ठरला. जाताना त्यांनी मला केळ्यांचा अख्खा घड दिला. मी जिंकले होते. वादविवादात परीक्षक जसे मान हलवतात तशी नागराजांनी मान हलवली होती.

ते गेल्यावर आत्याने बशा उचलल्या. मी म्हटलं, "आत्या, उद्या शाळेत भाषण आहे, ऐकतेस?" ती म्हणाली, "आज नको ग. पाठ दुखतेय." तिने पाठ दुखल्याचं कधीच सांगितलं नव्हतं. घोटा मोडला तेव्हासुद्धा "थोडं लागलंय" म्हणाली होती.

माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. ती चिडली नाही. सोमवारी फोडणी होती, मंगळवारी होती, "आलीस? हात धू" होतं. फक्त "आज कोण बोललं वर्गात" नव्हतं. मी आपणहून सांगितलं तर ती ऐकायची. मला माझाच आवाज ऐकू यायचा, सलग, मध्ये कोणी न थांबवता. सिंचनाला सांगितलं तर ती म्हणाली, "अग, म्हाताऱ्या लोकांचं असंच असतं." आत्या चौसष्टची आहे. म्हातारी नाही. पण तिच्याकडे बघितलं तर त्या आठवड्यात ती होती.

बुधवारी शाळा लवकर सुटली. मी पुढच्या फाटकाने न येता मागून आले, कारण चपलांना चिखल होता. आत्या धुणं वाळत घालायच्या दगडावर बसली होती, फोन कानाला. मला वाटलं, कोणा नातेवाइकांशी बोलतेय. ती रोज संध्याकाळी पाच-दहा मिनिटं फोनवर असते हे मला माहीत होतं, मी कधी विचारलं नव्हतं कोणाशी. मला सांगायचंच इतकं असायचं.

ती कन्नडात म्हणत होती, "तारा, आज पाणी कुठवर आलं?"

मग ऐकत राहिली.

"बाकाच्या पुढे? नाही? मग ठीक. नारळाला पाणी घातलंस? ... नको, ते लोक येतील आता, तुळशीची कुंडी तू घेऊन जा. ते काढून टाकतील. ... नाही ग. मी कशी येणार?"

मी पुन्हा फाटकाबाहेर गेले. गल्लीच्या टोकापर्यंत. एका आज्जींनी विचारलं, "काय ग अन्विता, आत कोणी नाही?" मी म्हटलं, "आहे ना, आत्या आहे." आणि ते म्हणताना मला कळलं की खरं तर नाही. दोन वर्षं ती रोज संध्याकाळी दहा मिनिटं तिथे असते आणि उरलेला वेळ आमच्याकडे थांबते.

मी गुरुवारची वाट बघितली, कारण अप्पांची सकाळची शिफ्ट होती आणि दुपारी ते घरी असणार होते. आत्या देवळात गेली होती. मी माझ्या फोनवरचा न कापलेला व्हिडिओ अप्पांसमोर धरला.

"आता कसला? उद्या करार आहे, आता जाहिरात पुरे."

"बघा."

पितळी पातेलं बाहेर येतं. साडीचा तुकडा उलगडला जातो. हळद, कुंकू. शेगडी नाही म्हणते. दुसरं पातेलं, पुन्हा हळद, पुन्हा कुंकू. दूध वर यायच्या आधी आत्याचे हात जोडलेले आहेत, हे मी कापलं होतं. ओठ हलतात. शेवटी अगदी हळू, समुद्राच्या आवाजात जवळजवळ बुडालेलं, "श्रीकृष्णार्पणमस्तु."

अप्पांनी दोनदा बघितलं. चष्मा काढला.

"पण ती म्हणाली कॉफी."

"मीपण म्हणाले, अप्पा."

"तू का म्हणालीस?"

याचं उत्तर माझ्याकडे अगदी तयार होतं आणि ते बाहेरच येईना. आठवीत होते तसं दातांपाशी आलं आणि परत गेलं. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी विचारायचं सोडून दिलं.

आत्या देवळातून आली. अप्पा सरळच म्हणाले, "अक्का, तुला कोडीला राहायचंय?"

"काय रे हे मध्येच? उद्या लोक येणार आहेत."

"लोकांचं मी बघतो. तू हो किंवा नाही सांग."

"तूच म्हणालास, एकटीने तिथे राहू नये. सात तास पडून होते मी. तुझा चेहरा आठवतो मला त्या दिवशीचा."

"पायरी काढली मी. फरशी बदलली. दांडा बसवला." अप्पांचा आवाज चढला, जसा प्लंबरशी चढला होता. "विकायचंच होतं तर कशाला बसवला असता? मला पण कळलं नाही तेव्हा मी कोणासाठी बसवतोय! ताराची मुलगी रात्री झोपायला येईल, मी बोलतो. पण तू तोंडाने म्हण ना काहीतरी. सगळ्या जगाला बोलायला शिकवतेस!"

आत्याने देवळातली फुलं टेबलावर ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. "हिची दहावी आहे, विजया. वनिता तिकडे गुवाहाटीला. तू शिफ्टवर. पोरगी शाळेतून येणार आणि घरात कोण?"

म्हणजे तिला अडवणारी मी होते. मी तिथे उभी होते, दप्तर पाठीवर, आणि मीच ते कारण होते.

तर मी बोलले. मला वाटतं, माझं आजवरचं सगळ्यात चांगलं भाषण तेच. मी म्हटलं, आत्या, मी पंधरा वर्षांची आहे, पाच वर्षांची नाही. मला कुकर लावता येतो. सिंचना आणि मी तिच्या घरी मिळून अभ्यास करणार आहोत, तिची आई कधीपासून म्हणतेय. (तिची आई काही म्हणत नव्हती.) घरात कोणी नसलं की माझं पाठांतर जास्त चांगलं होतं. (होत नाही.) आई पुढच्या वर्षी येणारच आहे. मला खरं तर थोडी शांतता हवीच आहे, तू सारखी विचारतेस वर्गात कोण बोललं, मला सगळं आठवून सांगावं लागतं. मी मुद्दे क्रमाने मांडले. कुठेही अडखळले नाही. स्वयंपाकघरातून ते व्हरांड्यापर्यंत गेलं असेल, रस्त्यापर्यंत गेलं असेल.

आत्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चौथा मुद्दा कच्चा आहे."

"माहीत आहे," मी म्हटलं.

ती उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या पाठीवरचं दप्तर उतरवून घेतलं. मी इतका वेळ ते घेऊनच उभी होते. बराच वेळ तिने ते खाली ठेवलं नाही, पोटाशी धरून उभी राहिली.

अप्पांनी नागराजांना फोन केला, बाहेर जाऊन. फार वाईट झालं नाही. लक्ष्मीदेवींनी मागून मोठ्याने काहीतरी म्हटलेलं फोनमधून ऐकू आलं, आणि अप्पा "हो मॅडम, हो, तुमचंच बरोबर" असं चार वेळा म्हणाले. जाहिरात मी काढून टाकली. साईटने कारण विचारलं, पर्याय दिले होते. विकले गेले, किंमत पटली नाही, इतर. मी "इतर" दाबलं.

आत्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. अप्पांना रजा मिळाली नाही म्हणून आधी बसचं ठरलं, मग त्यांनी शिफ्ट बदलून घेतली आणि पहाटे गाडीने घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत येऊन, गाडी घरी लावून, स्कूटरने थेट अर्ध्या शिफ्टला. मला शाळा होती. गाडी निघताना आत्याने काच खाली केली. मला वाटलं, काहीतरी सांगेल, जपून राहा वगैरे. ती म्हणाली, "प्रिलिमला हिंदीत पत्रलेखन सोडू नकोस. सगळे सोडतात." मी म्हटलं, "नाही सोडणार." कॉलनीतला वॉचमन हात हलवत होता, तर मी पण हलवला.

तो दिवस आणि ती रात्र मी सिंचनाकडे होते. अप्पा थेट कामावर गेले तो दुसरा दिवस. मी पावणेचारला शाळेतून आले. फाटक उघडलं. फोडणी नव्हती, हे सांगायची गरज नाही. मी दारापर्यंत गेले, किल्ली कुलपात घातली, आणि काढली. मग पायरीवर बसले. गणिताची वही काढली, दोन प्रमेयं केली, एक बरोबर आलं. समोरच्या घरी पार्सलवाला आला. शेजारच्यांचा कुत्रा येऊन माझा डबा हुंगून गेला. अंधार पडायला लागला तेव्हा मी वही डोळ्यांजवळ धरली.

सव्वासहाला अप्पांची स्कूटर आली. मी उठून कपडे झटकले. "कुलूप अडकलंय, अप्पा. किल्लीच फिरेना."

अप्पांनी हेल्मेट काढलं. माझ्या हातातून किल्ली घेतली, कुलपात घातली. एकाच फिरवण्यात खट्कन उघडलं. ते माझ्याकडे न बघता कुलूप हातात धरून उभे राहिले, जरा वर-खाली करून बघितलं, कारखान्यातल्या एखाद्या पार्टकडे बघतात तसं.

"घट्ट झालंय," ते म्हणाले. "तेल घालायला हवं."

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी त्यांनी खरंच मशीनचं तेल घातलं. चार-पाच थेंब, चांगलं मुरवून, किल्ली दहा वेळा फिरवून. त्यामुळे पावणेचारला मला आत जावं लागलं.